अँटिगनी पाहायला आलेले समीक्षक

मार्च १९४४. जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस. 'ले लेत्र फ्राँसेज' नावाच्या एका बेकायदा नियतकालिकात एक नाट्यपरीक्षण छापून आलं. लेखकाचं नाव नाही, संपादकाचं नाही, छापखान्याचा पत्ता तर नाहीच. असा अंक कोणाच्या पिशवीत सापडला तर पुढे अटक, छळ आणि कदाचित गोळी. हे नियतकालिक काढायची जुळवाजुळव ज्याने केली तो जाक दकूर पहिला अंक बाहेर पडलेला पाहूही शकला नव्हता. ३० मे १९४२ रोजी जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. तो बत्तीस वर्षांचा होता आणि शाळेत जर्मन भाषा शिकवायचा.

इतकी माणसं जिवावर उदार होऊन जे मोजके कागद छापत होती, त्यात त्यांनी एका नाटकाच्या प्रयोगाला जागा दिली. आणि ते परीक्षण नाटकाला झोडपणारं होतं.

त्याच नाटकाची जर्मनांची तळी उचलणाऱ्या वर्तमानपत्रांनी तोंड भरून स्तुती केली होती. नाटक होतं झाँ अनुईचं 'अँटिगनी'. आज शाळा-कॉलेजांत ते 'हुकूमशाहीला नाही म्हणणाऱ्या मुलीचं नाटक' म्हणून शिकवतात. तुम्हीही कुठल्यातरी रीलमध्ये किंवा लेखात वाचलं असेल, की नाझींच्या नाकावर टिच्चून पॅरिसमध्ये 'अँटिगनी' झालं, सेन्सॉरला काही कळलं नाही आणि प्रेक्षकांना सगळं कळलं. गोष्ट छान आहे. पण मग जर्मनांशी खरोखर लढणाऱ्या माणसांना हे नाटक इतकं का खुपलं? मी या नाटकाच्या नादी लागलो तो या एका प्रश्नामुळे.

आधी प्रयोग पाहू.

४ फेब्रुवारी १९४४. मोंमार्त्रच्या टेकडीखालचं 'थिएटर द लातलिए'. दिग्दर्शक आणि नेपथ्यकार आंद्रे बार्साक. लढाईचं पाचवं वर्ष. कोळसा नाही, त्यामुळे प्रेक्षागृह गारठलेलं. माणसं ओव्हरकोट न काढताच बसायची. प्रयोग लवकर सुरू करून लवकर संपवावा लागे, कारण रात्री संचारबंदी असायची आणि शेवटची मेट्रो चुकली तर घरी जायची पंचाईत. तरीही थिएटरं भरलेली असत. घरात थंडी, बाहेर अंधार, सिनेमाला बऱ्याच जागी जर्मन बातमीपट. नाटक हा त्यातल्या त्यात बरा विसावा होता.

पडदा वर गेला तेव्हा समोर ग्रीक खांब नव्हते, झगेही नव्हते. एक साधं, कुठल्याच काळाचं नसलेलं नेपथ्य आणि तीन सारखी दारं. सगळी पात्रं सुरुवातीपासूनच रंगमंचावर. कोणी गप्पा मारतंय, कोणी विणतंय, शिपाई पत्ते कुटतायत. राजा क्रेऑन पार्टीला निघाल्यासारखा काळ्या सुटात. अँटिगनी साध्या काळ्या कपड्यांत, किडकिडीत, बाजूला एकटी बसलेली. सोफोक्लीजच्या नाटकात कोरस म्हणजे थीब्जच्या म्हाताऱ्या नागरिकांचा मोठा घोळका असतो. इथे एकच माणूस पुढे येतो आणि शांतपणे सांगतो, की ही कोण, तो कोण आणि यांतलं कोण कोण आज मरणार आहे. शिपायांच्या अंगावर लांब काळे रेनकोट. तसले कोट घातलेली माणसं पॅरिसमध्ये कोणाच्या दारावर थाप मारायला येतात हे समोर बसलेल्यांना वेगळं सांगायला नको होतं.

मूळ कथा थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ईडिपसचे दोन मुलगे गादीसाठी एकमेकांना मारून मरतात. नवा राजा, म्हणजे त्यांचा मामा क्रेऑन, एकाला सन्मानाने पुरतो आणि दुसऱ्याचं प्रेत उघड्यावर टाकायचा हुकूम काढतो. जो पुरेल त्याला मृत्युदंड. त्यांची बहीण अँटिगनी भावाच्या प्रेतावर मूठभर माती टाकते, पकडली जाते, मरते. तिच्यामागे तिचा होणारा नवरा, म्हणजे क्रेऑनचा मुलगा, आणि मग राणीही जीव देते. सोफोक्लीजने हे अथेन्समध्ये इसवीसनपूर्व ४४१ च्या सुमारास लिहिलं.

अनुईने कथा तशीच ठेवली. पण सोफोक्लीजकडे शेवटाकडे एक माणूस येतो जो अनुईकडे येतच नाही. आंधळा द्रष्टा तिरेसियस. तो राजाला तोंडावर सांगतो, की तू चुकलास, देव कोपलेत, प्रेत पूर आणि पोरीला सोड. क्रेऑन आधी चिडतो, मग घाबरतो, धावत सुटतो. पण उशीर झालेला असतो. म्हणजे सोफोक्लीजच्या नाटकात कोण चूक होतं याचा निकाल नाटकातच लागतो. अनुईने तिरेसियसला काढून टाकलं आणि त्याच्याबरोबर देवही गेले. क्रेऑनला 'तू चुकलास' असं अधिकाराने सांगणारं नाटकात कोणी उरलं नाही.

उरला तो एक लांबलचक प्रसंग. क्रेऑन आणि अँटिगनी, समोरासमोर. हा राजा क्रूर नाही, थकलेला आहे. त्याला भाचीला मारायचं नाहीये. ज्या शिपायांनी तिला पकडलं त्यांची तोंडं बंद करून प्रकरण दाबायची त्याची तयारी आहे. तो तिला समजावतो, की बुडत्या राज्याचं सुकाणू कोणीतरी धरायला हवं होतं, मला हे घाणेरडं काम नको होतं, पण मी 'हो' म्हटलं. मग तो शेवटचं पान टाकतो. तुझे दोन्ही भाऊ नालायक होते, दोघेही बापाच्या जिवावर उठले होते, दोघेही राज्य विकायला निघाले होते. आणि घोड्यांच्या टापांखाली दोघांचा असा चेंदामेंदा झाला होता, की मी आतलं जरा बरं दिसणारं प्रेत उचलून त्याची राजेशाही अंत्ययात्रा काढली. बाहेर कुजतोय तो नक्की कोण हे मलाही माहीत नाही.

अँटिगनी कोसळते. खोलीत परत जायलाही तयार होते. क्रेऑनने इथे गप्प बसायला हवं होतं. पण तो तिला लग्न, मुलंबाळं, छोट्या छोट्या सुखांच्या गोष्टी सांगू लागतो, आणि त्या 'सुख' शब्दावर ती परत उसळते. आता ती भावासाठी मरत नाहीये. देवासाठी, कायद्यासाठीही नाही. तिला असलं तडजोडीचं, पुसट होत जाणारं जगणं नकोय, एवढंच. मरायच्या थोडं आधी ती एका शिपायाकडून पत्र लिहून घेते, त्यात आपण कशासाठी मरतोय हेच आता आपल्याला माहीत नाही अशा अर्थाचं काहीतरी सांगते आणि मग ते खोडायला लावते.

कॉलेजात असताना आम्ही हा एवढाच प्रसंग एकांकिकेसारखा बसवला होता. तालमीत सगळ्यांचं लक्ष अँटिगनीवर. तिचे उच्चार, तिचं उभं राहणं, तिचा शेवटचा आवेग. प्रयोगाच्या दिवशी टाळ्या कोणाला पडल्या? क्रेऑनला. आमचा क्रेऑन झालेला मित्र तसा बेताचाच नट, पण त्याच्या तोंडची वाक्यंच इतकी पटणारी, की शेवटी शेवटी प्रेक्षकांत माना डोलत होत्या. एका परीक्षकांनी आम्हाला विचारलं, 'तुम्हाला नक्की कोणाची बाजू घ्यायची होती?' आमच्याकडे उत्तर नव्हतं. संहिताच तशी आहे.

मराठीत डॉ. श्रीराम लागूंनी 'अँटिगनी' रंगमंचावर आणलं, हे नाटकवाल्यांना माहीत असतं. तेव्हा हे नाटक आपल्याकडे अगदीच परकं नाही. पण पॅरिसच्या त्या फेब्रुवारीत ते ज्या हवेत झालं ती हवा संहितेत सापडत नाही. ती बाहेरून आणावी लागते.

अनुईच्या डोक्यात हे नाटक कुठून आलं याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी. २७ ऑगस्ट १९४१ रोजी व्हर्सायमध्ये जर्मनांच्या बाजूने रशियाशी लढायला निघालेल्या फ्रेंच स्वयंसेवकांचा कार्यक्रम होता. तिथे पॉल कोलेत नावाच्या तरुणाने पियेर लाव्हाल आणि मार्सेल देआ या दोन बड्या सहकारवाद्यांवर गोळ्या झाडल्या. ('सहकारवादी' हा शब्द आपल्याकडे साखर कारखान्याची आठवण करून देतो, पण फ्रान्समध्ये त्याचा अर्थ जर्मनांशी हातमिळवणी करणारा.) दोघेही जखमी होऊन वाचले. कोलेतमागे कुठलीही संघटना नव्हती. एकटा पोरगा, यशाची शक्यता जवळपास शून्य, आणि तरी त्याने हे केलं.

दुसरी गोष्ट अनुईने स्वतःच पुढे फार वर्षांनी लिहिली. सोफोक्लीजचं नाटक तो लहानपणापासून वाचत होता, पण ते अंगावर आलं ते लढाईत, भिंतींवर छोटी लाल पोस्टरं दिसली त्या दिवशी. ही पोस्टरं जर्मन लष्करी प्रशासन लावायचं. वर जर्मनमध्ये, खाली फ्रेंचमध्ये, अमुक अमुक माणसांना गोळ्या घालण्यात आल्या आहेत. नावं आणि तारीख. आणि इथे ग्रीक कथा एकदम जवळ येते. अशा माणसांची प्रेतं सहसा घरच्यांच्या हाती दिली जात नसत. कबरीपाशी माणसं जमू नयेत, फुलं वाहिली जाऊ नयेत म्हणून ती शहराबाहेरच्या दफनभूमींत गुपचूप पुरली जात. क्रेऑनने जे थीब्जमध्ये केलं त्याचा कारकुनी, कागदोपत्री नमुना पॅरिसमध्ये चालू होता. प्रेक्षागृहात बसलेल्या कोणाच्या तरी घरी असं प्रेत आलेलं नव्हतं.

नाटक १९४२ मध्येच लिहून झालं होतं. जर्मन सेन्सॉरने संहिता वाचली आणि पास केली. 'सेन्सॉर बावळट होता' असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्याने जे वाचलं ते खरोखर तिथे होतं. राज्य सावरण्यासाठी स्वतःचं सुख बाजूला ठेवणारा कर्तव्यदक्ष म्हातारा आणि कारण विचारलं तर सांगता न येणारी एक हट्टी मुलगी. फ्रान्सचा सत्ताधीश मार्शल पेताँ १९४० पासून देशाला हेच ऐकवत होता, की मी स्वतःला देशासाठी वाहिलंय. क्रेऑनमध्ये पेताँचा बचाव वाचायचा तर फार ओढाताण करावी लागत नाही.

आता समीक्षकांकडे येतो.

त्या वेळच्या पॅरिसमधला सगळ्यांत ताकदवान आणि सगळ्यांत घाणेरडा नाट्यसमीक्षक म्हणजे आलँ लोब्रो. तो 'झ स्वी पार्तू' या साप्ताहिकात लिहायचा. हे साप्ताहिक उघड उघड फॅसिस्ट, ज्यूद्वेष्टं. लपून बसलेल्या माणसांची नावं-पत्ते छापण्यापर्यंत त्याची मजल जायची. अशा कागदावर नाट्यपरीक्षण येतं तेव्हा ते परीक्षण राहत नाही, त्यात चुगली मिसळलेली असते. अमुक लेखक अनैतिक आहे, अमुक नटाचं चारित्र्य असं आहे, याचा अर्थ वरच्यांनी इकडे लक्ष द्यावं. १९४१ मध्ये झाँ कोक्तोच्या एका नाटकावर लोब्रोने असंच विष ओकलं, तेव्हा त्यात काम करणाऱ्या झाँ मारेने त्याला एका रेस्टॉरंटमध्ये गाठून बदडून काढलं. त्रुफोचा 'द लास्ट मेट्रो' (१९८०) कुठे मिळाला तर जरूर पाहा. त्यातला दाक्सिया नावाचा समीक्षक याच लोब्रोवरून घेतलाय आणि जेरार दपार्द्यू त्याला रेस्टॉरंटमधून बाहेर काढून धुतो तो प्रसंग म्हणजे मारेचीच हकीकत.

या लोब्रोला 'अँटिगनी' आवडलं. फेब्रुवारीतच त्याने प्रयोगाचं भरभरून कौतुक केलं. परवाना असलेल्या इतर पत्रांतही बहुतेक सूर स्तुतीचाच.

विचार करा, तुम्ही त्या शहरात राहताय, नवरा किंवा भाऊ तुरुंगात आहे, आणि एका नाटकाची शिफारस तुम्हाला 'झ स्वी पार्तू' करतंय. तुम्ही ते नाटक कुठल्या नजरेने पाहाल?

'ले लेत्र फ्राँसेज'मधलं ते निनावी परीक्षण याच पार्श्वभूमीवर आलं. शीर्षकच सगळं सांगतं: 'आपली अँटिगनी आणि त्यांची'. लेख क्लोद र्वा या तरुण कवी-लेखकाचा होता असं नंतर मानलं गेलं. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर असं: सोफोक्लीजची अँटिगनी माणसांसाठी, माणसांमधल्या नात्यासाठी मरते. अनुईची अँटिगनी स्वतःच्या तिटकाऱ्यापायी मरते. तिला जगच ओंगळ वाटतं. आणि जग ओंगळ, माणसं क्षुद्र, कशालाच अर्थ नाही, ही भावना फॅसिझमच्या फार सोयीची असते, कारण ज्याला माणसांबद्दल तुच्छता वाटते तो शेवटी दंडुका घेतलेल्या क्रेऑनचं राज्यच मान्य करतो. 'आपल्या' अँटिगनी तुरुंगात आहेत, त्या गोळ्या खातायत, आणि त्यांना आपण कशासाठी मरतोय हे नीट माहीत आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो होतो. नाटकाला प्रचाराच्या फूटपट्टीने मोजण्याचा हा जुनाच आजार, असं वाटलं. पुन्हा संहिता उघडली आणि मत बदललं. ती व्यक्ती अचूक वाचत होती. अँटिगनीने पत्रात खोडायला लावलेलं वाक्य, भावांची बदनामी, गैरहजर तिरेसियस. तिने बोट ठेवलेलं, किंवा ठेवता आलं असतं असं, सगळं संहितेत आहे. शिवाय या र्वाची एक गंमत आहे. तरुणपणी तो स्वतः कडव्या उजव्या गोटात होता, 'झ स्वी पार्तू'मध्येही लिहीत होता. तिथून बाहेर पडून तो प्रतिकारात आणि कम्युनिस्ट पक्षात आला. त्या गोटातली तुच्छतेची भाषा तो आतून ओळखत होता. नाटकात तिचा वास त्याला आला असेल तर ते नाक अनुभवाचं होतं.

पण एक गोष्ट त्या लेखातून निसटली, आणि ती रोजच्या प्रयोगात घडत होती.

पहिल्या प्रयोगानंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा पॅरिसमध्ये मिसाक मानुशियाँ आणि त्याच्या साथीदारांवरचा लष्करी खटला सुरू झाला. मानुशियाँ आर्मेनियन, कवी, आर्मेनियन कत्तलीतून वाचलेला अनाथ मुलगा. त्याच्या गटात पोलिश आणि हंगेरियन ज्यू, इटालियन, स्पॅनिश अशी स्थलांतरित माणसं. तेवीस जणांना मृत्युदंड झाला. २१ फेब्रुवारी १९४४ रोजी, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर सतराव्या दिवशी, त्यातल्या बावीस पुरुषांना मोंव्हालेरियाँच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. ओल्गा बान्सिक ही एकटी स्त्री होती; तिला जर्मनीत नेऊन मे महिन्यात तिचं डोकं उडवलं. त्याच सुमारास शहरभर एक मोठं लाल पोस्टर लागलं. दहा दाढी वाढलेले चेहरे, नावं, 'गुन्हे'. हे परदेशी गुंड, हे कसले मुक्तिदाते, असा मजकूर. लोकांनी घाबरावं, तिटकारा करावा यासाठी ते काढलं होतं. काही ठिकाणी त्यांच्याखाली फुलं ठेवलेली आढळली. मानुशियाँला फ्रान्सने २०२४ मध्ये, बरोबर ऐंशी वर्षांनी, पाँतेआँमध्ये जागा दिली. तेव्हा मात्र त्याचा चेहरा मेट्रोच्या भिंतीवर होता आणि त्याच मेट्रोने माणसं 'अँटिगनी' पाहायला येत होती.

ते पोस्टर बघून आलेल्या माणसाला क्रेऑनचे युक्तिवाद कसे ऐकू आले असतील? प्रेत उघड्यावर ठेवायचं कारण क्रेऑन नाटकात स्पष्ट देतो: वास गावभर पसरला पाहिजे, म्हणजे लोक शहाणे होतील. हे वाक्य पुस्तकात वाचताना एक राजकीय हिशोब वाटतो. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते पोस्टरचं वर्णन होतं. क्रेऑन कितीही समंजस बोलला तरी त्याच्या मागे काळ्या रेनकोटातले पत्ते खेळणारे तिघे बसलेलेच होते. बार्साकची ही वेशभूषा मला अनुईच्या कुठल्याही संवादापेक्षा निर्णायक वाटते. पटणारी वाक्यं क्रेऑनकडे आहेत, पण त्याची ताकद त्या कोटांतून येते हे डोळ्यांना दिसत राहतं. कारण न सांगता 'नाही' म्हणणारी मोनेल वालांतिन समोर उभी असताना तिच्याकडून नीट मुद्देसूद कारण मागावं असं त्या खुर्च्यांत बसलेल्या सगळ्यांनाच वाटलं असेल असं नाही. र्वाने संहितेचं परीक्षण केलं. प्रयोगाचं, म्हणजे त्या खोलीत त्या संध्याकाळी काय काय जमलं होतं त्याचं, केलं नाही.

इथे थोडं सावध व्हायला हवं. 'आम्ही सगळे तेव्हा मनातून अँटिगनीच्या बाजूने होतो' असं सांगणाऱ्या बहुतेक आठवणी पॅरिस सुटल्यानंतरच्या आहेत. सुटकेनंतर अख्खं फ्रान्स लढाईभर प्रतिकारातच होतं अशी सगळ्यांची समजूत झाली होती, तेव्हा या आठवणी चिमटीत धरूनच वाचायला हव्यात. प्रेक्षकांत जर्मन अधिकारीही असत आणि तेही टाळ्या वाजवत. त्याच टाळ्यांत कोणाच्या टाळ्या कोणासाठी होत्या हे वेगळं करायचं साधन आपल्याकडे नाही. पण हेही खरं, की क्रेऑनची बाजू घ्यायला आलेल्या माणसाला लाल पोस्टर डोक्यातून काढून टाकावं लागत होतं आणि अँटिगनीची बाजू घ्यायला आलेल्याला काहीच करावं लागत नव्हतं.

एक बारीक तपशील मला फार आवडतो. नाटकाच्या सुरुवातीला पहाटे भावाला माती देऊन परतलेल्या अँटिगनीसाठी तिची दाई कॉफी आणि लोणी लावलेला पाव आणायला धावते. शिकागोरीचं आणि भाजक्या धान्याचं पाणी कॉफी म्हणून पिणाऱ्या, लोण्यासाठी रेशनकार्डावर रांगा लावणाऱ्या शहरात हे चालू होतं. सुखाचं आमिष काय असतं हे क्रेऑनने सांगायच्या आधीच पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेलं होतं.

२५ ऑगस्ट १९४४ ला पॅरिस सुटलं. थिएटरं काही आठवडे बंद राहिली. 'झ स्वी पार्तू' संपलं; लोब्रो स्पेनला पळाला. त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड ठोठावला गेला, पण तो माद्रिदमध्येच राहिला आणि तिथेच मेला. 'ले लेत्र फ्राँसेज' आता उघडपणे स्टॉलवर मिळू लागलं. आणि शरद ऋतूत 'अँटिगनी' परत सुरू झालं. तोच दिग्दर्शक, तेच कोट, तीच वाक्यं. संहितेत बदल नाही. वाद मात्र चालूच राहिला, कारण आता प्रश्न नाटकाचा उरला नव्हता, नाटककाराचा झाला होता. तू नक्की कोणाच्या बाजूने होतास?

अनुईने उत्तर दिलं नाही. त्याने जे केलं त्याने प्रकरण आणखी चिघळलं. 'झ स्वी पार्तू'चा माजी संपादक रोबेर ब्राझियाक याला जानेवारी १९४५ मध्ये देशद्रोहासाठी मृत्युदंड झाला. त्याला माफी द्यावी म्हणून निघालेल्या अर्जासाठी अनुई सह्या गोळा करत दारोदार हिंडला. त्या अर्जावर कामूनेही सही केली, मोरियाकने केली. सिमोन द बोव्हारने नाकारली. द गोलने अर्ज फेटाळला. ६ फेब्रुवारी १९४५ रोजी ब्राझियाकला गोळ्या घातल्या. अनुईच्या मनावर याचा घाव कायमचा राहिला. त्या दिवसांत आपलं तारुण्य संपलं अशा अर्थाचं त्याने पुढे लिहिलं. त्याच्या विरोधकांना यात पुरावा दिसला, की बघा, हा त्यांचाच. मला यात अँटिगनी दिसते, आणि ती गैरसोयीची आहे. हरलेल्या, बदनाम, खरोखर अपराधी माणसासाठी राज्याच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि नीट कारण देता येत नाही म्हणून शिव्या खायच्या. प्रेत पोलिनायकेसचं आहे तोवर आपल्याला तिची बाजू घेणं सोपं जातं. ब्राझियाकसारख्या माणसाचं असेल तर? मी बोव्हारशी सहमत होतो आणि बऱ्यापैकी आजही आहे. तरी अनुईचं ते दारोदार फिरणं डोक्यातून जात नाही.

१९४६ मध्ये नाटक न्यूयॉर्कला गेलं. कॅथरीन कॉर्नेल अँटिगनी, सेड्रिक हार्डविक क्रेऑन, आणि निरोप्याच्या छोट्या भूमिकेत मार्लन ब्रँडो नावाचा एक अनोळखी पोरगा. रूपांतर करणाऱ्या लुईस गॅलन्तियेरला क्रेऑन फारच पटतोय हे लक्षात आलं. त्याने तराजू हलवला आणि अँटिगनीचं पारडं जड केलं. पॅरिसमध्ये जे काम भिंतीवरची पोस्टरं करत होती ते अमेरिकेत कागदावर लिहून द्यावं लागलं. नाटक तिथे फार चाललं नाही. १९४८ मध्ये ब्रेख्तने स्वित्झर्लंडमधल्या खुर शहरात आपली 'अँटिगनी' केली तेव्हा त्याने तर सरळ सुरुवातीलाच एक प्रसंग जोडला: एप्रिल १९४५, बर्लिन, दोन बहिणी आणि बाहेर फासावर लटकलेला भाऊ. प्रेक्षकाने सोबत काय आणावं हे त्याने नशिबावर सोडलं नाही.

आणि रॉबेन बेट. दक्षिण आफ्रिकेच्या त्या तुरुंगात राजकीय कैद्यांनी 'अँटिगनी' बसवलं तेव्हा क्रेऑनचं काम नेल्सन मंडेलांकडे आलं. आत्मचरित्रात त्यांनी याबद्दल लिहिलंय. क्रेऑन सुरुवातीला शहाणा वाटतो, पण अनुभवाने येणारी लवचीकता आणि दया त्याच्यापाशी नाही, असं त्यांचं वाचन होतं. अथोल फ्युगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्चोना यांनी १९७३ मध्ये केलेलं 'द आयलंड' याच तुरुंगावर आहे. दोन कैदी कोठडीत 'अँटिगनी'ची तालीम करतात. विन्स्टनला अँटिगनी व्हायचं नसतं. विग घालून, खोट्या छात्या लावून सगळ्यांसमोर हसं करून घ्यायचं नसतं. कारण विचारलं तर तोही धड सांगू शकत नाही. शेवटी प्रयोगात तो विग काढून फेकतो आणि स्वतःच्या नावाने बोलतो. समोर कैदी बसलेले असतात, आणि त्यांच्या पुढच्या रांगेत तुरुंगाधिकारी.